दोषाचे ठिकाण

मुंगी त्या दिवशी सव्वातीनला मशीन रूममध्ये आली आणि दप्तर न उतरवताच स्टुलावर बसली.

मशीन रूम म्हणजे अकरा मजली कार्यालयाच्या गच्चीवरील खोली. दोन लिफ्टच्या दोन मोटारी, त्यांचे दोर, आणि भिंतीला लागून उभे असलेले दोन कंट्रोलर, एवढाच तिचा संसार. या खोलीत मी एकतीस वर्षे नोकरी केली. निवृत्त होऊन सहा वर्षे झाली, तरी आठवड्यातून तीन दिवस मला बोलावतात, कारण हे कंट्रोलर जुन्या रिलेंचे, म्हणजे खटखटणाऱ्या विजेच्या स्विचांचे आहेत आणि नव्या मेकॅनिकांना त्यांच्या वाटेला जायचे नसते. लेक रुग्णालयात परिचारिका आहे. जावयांशी तिचे पटले नाही, त्याला आता सात वर्षे झाली. तेव्हापासून ती आणि नात माझ्याकडेच राहतात. माझ्या कामाच्या दिवशी घराला कुलूप असते, म्हणून नात शाळेतून थेट इकडे येते. ती पंधरा वर्षांची आहे. दोन वर्षांची असताना जमिनीवर सांडलेली साखर एकेक दाणा उचलून बरणीत टाकत असे, तेव्हापासून ती मुंगी.

"दप्तर काढ. पाठीला बाक येईल."

"असू दे."

"भूक?"

"नाही."

"भांडण?"

"आजोबा, तुम्ही हे एकेका शब्दाचे प्रश्न विचारता ना, फार वैताग येतो."

मी ब्रेकच्या स्प्रिंगला तेलाचे बोट लावू लागलो. रिले खटखटत होते. वर्षानुवर्षे ऐकून मला त्या आवाजावरून लिफ्ट कोणत्या मजल्यावर आहे तेही कळते. मग ती म्हणाली, "अकाउंट पूर्ण पुसून टाकलं तर समोरच्याकडचंही पुसलं जातं का?"

"समोरचा कोण?"

यानंतर जे कळले ते तुकड्यातुकड्याने कळले. ते मी येथे क्रमाने मांडतो.

मुंगी चित्रे काढते आणि ती फोनवरून जगाला दाखवते. चार महिन्यांपूर्वी 'निळी छत्री' या नावाच्या कोणीतरी तिच्या एका चित्राचे कौतुक केले. ती सोळा वर्षांची मुलगी, दुसऱ्या शाळेतली, तिचीही आई पाळ्यांमध्ये काम करणारी. निदान तिने तसे सांगितले होते. रोज गप्पा होऊ लागल्या. टाइप करायचा कंटाळा येतो म्हणून मुंगी बोलून निरोप पाठवायची. छत्री मात्र नेहमी लिहायची.

"तिचा आवाज कधी ऐकलास?"

"तिचा घसा बसलेला असायचा."

"चार महिने?"

मुंगीने माझ्याकडे पाहिले आणि नजर खाली वळवली. हा हिशेब तिने स्वतःही दुपारभर मांडला असावा.

परवा छत्रीने मुंगीच्या बाकावरच्या मैत्रिणीचा फोन नंबर मागितला. वर्गाच्या एका छायाचित्रात ही मैत्रीण तिने पाहिली होती. मुंगी म्हणाली, आधी तिला विचारते. त्यावर छत्रीची भाषा एकदम पालटली. मुंगीचे दोन बोलके निरोप तिने जपून ठेवले होते. एक मैत्रिणीविषयी, एक आईविषयी. आज पाचच्या आत नंबर आला नाही, तर पहिला मुंगीच्या खात्याशी जोडलेल्या वर्गातल्या मुलामुलींना जाईल आणि दुसरा आईला. आईचा नंबर मुंगीनेच केव्हातरी दिला होता, तिचा स्वतःचा फोन दुरुस्तीला गेला होता तेव्हा.

"म्हणून मी सगळंच उडवते," मुंगी म्हणाली. "अकाउंट, चित्रं, सगळं."

"थांब. काहीही पुसू नकोस."

हे मी अनुभवाने बोललो. लिफ्ट बंद पडली की शिकाऊ मेकॅनिक आधी वीज बंद करून पुन्हा सुरू करतो. लिफ्ट चालू लागते, पण ती का बिघडली, याची खूण त्या एका झटक्यात नाहीशी होते. आमचे तंत्रनिकेतनातील शिक्षक अशा मुलाला दिवसभर वर्कशॉपच्या दाराशी उभे करीत. पुसलेला निरोप पुरावा म्हणून दाखवता येत नाही, आणि छत्रीकडची प्रत तर पुसली जाणारच नव्हती. मी तिला तसे समजावून सांगितले. तिने मान हलवली. माझ्यावर तिचा विश्वास बसतो आहे असे मला वाटले, आणि तिथेच मी सवयीच्या आहारी गेलो.

मी माझी वही काढली. कार्यालयाच्या नोंदवहीसारखेच तिच्यात मी चार रकाने आखून ठेवलेले असतात: दोष, ठिकाण, कारण, उपाय. सगळे लोक 'फॉल्ट' म्हणतात, मात्र नोंदवहीत छापलेला शब्द 'दोष' हा आहे आणि माझ्या हाताला त्याचेच वळण लागले आहे.

"सुरुवात कोणी केली? पहिला निरोप कोणाचा?"

"तिचा. पण उत्तर मी दिलं."

मी लिहिले.

"खाते सगळ्यांना उघडे होते?"

"हो."

"आईचा नंबर तू स्वतः दिलास?"

"हो, सांगितलं ना मघाशी."

तेवढ्यात इंटरकॉम वाजला. खालचा वॉचमन होता. आमच्या दोन लिफ्टना तो थोरली आणि धाकटी म्हणतो.

"साहेब, धाकटी रुसली. चौथ्यावर तोंड उघडं टाकून बसलीय, मिटायलाच तयार नाही."

"आत कोणी आहे?"

"आत कोणी नाही. पण बाहेर सोळा माणसं माझ्याकडे अशी बघतायत, जसा काही मीच दार धरून उभा आहे."

मी पान्हा आणि टॉर्च घेतली. मुंगीला म्हणालो, "दहा मिनिटांत येतो. कशालाही हात लावू नकोस."

मशीन रूममध्ये मी प्रत्येकाला हेच सांगतो. त्या दिवशी ते कसे ऐकू गेले असेल, याचा विचार माझ्या मनाला शिवला नाही.

चौथ्या मजल्यावर दाराच्या खाचेत कोणाच्यातरी पेनाचे टोपण अडकले होते. वाकून ते काढताना गुडघे कुरकुरले. हिशेब विभागातल्या बाई म्हणाल्या, "काका, एवढ्याशा टोपणानं एवढी मोठी लिफ्ट अडते?" मी म्हणालो, दार पूर्ण मिटल्याची खात्री झाल्याशिवाय ती हलत नाही, तिला तशीच शिकवण आहे. "आमच्या साहेबांना पण शिकवा," त्या म्हणाल्या. सोळाही माणसे हसली. मला हसू आले नाही. दार दुरुस्त केले की लिफ्ट तीनदा रिकामी चालवून पाहायची, हा नियम मी स्वतःच घालून दिलेला आहे. तीन फेऱ्या झाल्या. दहाची पंचवीस मिनिटे झाली.

खरे सांगायचे तर मी थकलो होतो. त्या दिवसापुरता नव्हे. यंत्राचा बिघाड एका जागी बसून राहतो, आपण जाईपर्यंत वाट पाहतो. मुलांच्या फोनमध्ये जे बिघडते ते आपण जिना चढेपर्यंत चार घरे पुढे गेलेले असते, आणि ते हुडकायला जेवढी उमेद लागते तेवढी या वयात माझ्याजवळ शिल्लक नाही, असे मला थोरलीतून वर येताना वाटत होते.

वर आलो तर स्टुलावर दप्तर होते आणि मुंगी नव्हती.

वही उघडी होती. मी वाकून माझेच अक्षर वाचले.

दोष: अनोळखी व्यक्तीस खाजगी निरोप दिले. ठिकाण: मुंगी. कारण: खाते उघडे, उत्तर दिले, आईचा नंबर स्वतः दिला. उपाय: – .

ठिकाण या रकान्यात आम्ही 'चौथा मजला, दार' असे लिहितो. तेथे आजवर मी माणसाचे नाव लिहिले नव्हते. चार रकाने भरताना हात आपोआप पुढे गेला होता. माझ्या भाषेत तो बिघाडाचा पत्ता होता. पंधरा वर्षांच्या मुलीच्या भाषेत तो निकाल होता, आणि उपायापुढे फक्त एक रेघ होती.

घड्याळात पाच वाजायला अठरा मिनिटे होती.

थोरलीतून मी स्वतः आलो होतो. धाकटी माझ्या डोळ्यांदेखत तीनदा रिकामी फिरली होती. म्हणजे मुंगी बहुतेक जिन्यानेच गेली असावी. मी कठडा धरून उतरू लागलो. नवव्या आणि आठव्या मजल्यांच्या मध्ये, खिडकीपाशी, ती पायरीवर बसली होती. फोन दोन्ही हातांत होता. पडद्यावर एक नंबर लिहिलेला होता.

"पाठवलास?"

"अजून नाही."

"इकडे दे."

"नाही देणार."

मी पुढे केलेला हात मागे घेतला. हिसकावून घेता आला असता, पण मग तिने दुसऱ्या फोनवरून तेच केले असते आणि मला सांगितले नसते. मी तिच्या शेजारी बसलो. बसायला मला वेळ लागतो. तेवढा वेळ ती थांबली, हे मी लक्षात घेतले.

"तुम्हीच लिहिलंय," ती म्हणाली. "दोष, मुंगी. किती सुंदर अक्षर आहे तुमचं, आजोबा. माझ्या नावाखाली रेघसुद्धा मारलीय."

"रेघ सवयीची आहे."

"दोषही सवयीचाच का?"

"हो. तो शब्द मी रोज लिहितो. लिफ्टचे दार अडले तरी लिहितो. त्यात लिफ्टवर राग नसतो गं."

"मी लिफ्ट नाहीये."

"नाहीस. म्हणूनच चुकले. तू मदत मागायला आलीस आणि मी तुझा पंचनामा करीत बसलो. नाव लिहायचेच होते तर त्या छत्रीचे लिहायचे. लबाडी तिची आहे. धमकी तिची आहे. तू एका माणसाला माणूस समजलीस, एवढेच तू केलेस."

फोनवरचा तिचा अंगठा थोडा बाजूला सरकला.

"नंबर दिलास तर काय होईल?"

"ती गप्प बसेल."

"किती दिवस?"

मुंगीने खिडकीबाहेर पाहिले. समोरच्या इमारतीत एक माणूस काच पुसत होता. "नंतर अजून कोणाचा तरी मागेल," ती हळूच म्हणाली. "आणि तोपर्यंत माझ्या मैत्रिणीलाही असंच पकडलेलं असेल. मला माहितेय ते. मला सगळं माहितेय, आजोबा. शाळेत दोनदा व्याख्यान झालंय. अनोळखी माणसाशी बोलू नका. पण ती अनोळखी वाटतच नव्हती ना."

मी विचारले, "त्या निरोपांत आहे तरी काय?"

मैत्रिणीच्या वडिलांची नोकरी गेली होती, आणि ते परदेशी गेले आहेत असे ती वर्गात सांगत होती. खरे तिने फक्त मुंगीला सांगितले होते. मुंगीने ते छत्रीला सांगितले, वर हसलीसुद्धा. आईविषयी काय होते ते तिने मला सांगितले नाही. खाली मान घालून तिने तो निरोपच ऐकवला. जिन्यात तिचाच आवाज घुमला.

"आई घरी फक्त झोपायला येते. ती आली की मी आणि आजोबा हळू चालतो, हळू बोलतो, भांडीसुद्धा नंतर घासतो. कधी कधी वाटतं, ती तिकडेच राहिली तर घरात मोठ्यानं बोलता तरी येईल."

मी तोंडावरून हात फिरवला. त्यात खोटे काही नव्हते. आम्ही खरोखरच हळू चालतो.

"माझ्याकडे याला उपाय नाही, मुंगी," मी म्हणालो. "नंबर द्यायचा नाही, एवढे मला पक्के ठाऊक आहे. निरोप पसरण्यापासून मी थांबवू शकत नाही. म्हातारा झालो आहे, आणि थोडा दमलोही आहे."

मग मुंगी म्हणाली, "मी स्वतःच आधी सांगितलं तर? मग तिच्याकडे उरेल काय?"

तिने लिहिलेला नंबर खोडला आणि तोच लावला. मैत्रिणीने लगेच उचलला.

"ऐक ना. शिव्या नंतर घाल, आधी ऐक. तुझ्या बाबांचं मी एकीला सांगितलंय. ... हो. नोकरीचंच. ... मला माहीत नाही गं ती कोण आहे, तोच तर घोटाळा आहे. ... ती तुझा नंबर मागतेय. मी देणार नाहीये. म्हणून ती ते वर्गात पाठवेल. आज. पाच वाजता."

पलीकडून एक वाक्य, आणि फोन बंद.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, मला परत कधी तोंड दाखवू नकोस."

मुंगी रडली नाही. गुडघ्यांत डोके घालून बसली. दोन मिनिटांनी फोन थरथरला. मैत्रिणीने लिहिले होते: 'त्या अकाउंटचं नाव पाठव. मी ब्लॉक करते. बाबांनाही सांगितलंय. तुझ्याशी बोलणार नाहीये.'

मुंगीने नाव पाठवले. मग आम्ही छत्रीचे पहिले निरोप आणि परवापासूनच्या सगळ्या धमक्या यांचे स्क्रीनशॉट घेतले. तारीख आणि वेळ दिसेल असे घ्यायला मी सांगितले, कसे घ्यायचे ते तिने मला दाखवले, आणि प्रती तिने माझ्या फोनवरही पाठवल्या. पाच वाजता निरोप आला: 'वेळ संपली.' पाठोपाठ दुसरा: 'शेवटची संधी देते.' तिसरा: 'घाबरलीस ना?'

"उत्तर द्यावंसं वाटतंय," मुंगी म्हणाली. "एकच."

"वाटेल. देऊ नकोस. याचाही फोटो काढ."

तिने काढला. त्यानंतर ॲपवाल्यांकडे तक्रार नोंदवली आणि छत्रीला ब्लॉक केले. हा क्रम महत्त्वाचा होता, कारण आधी ब्लॉक केले असते तर शेवटचे तीन निरोप हाती लागलेच नसते. वर्गशिक्षिकांना मी फोन केला. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. "या वर्षातली ही तिसरी, काका," त्या म्हणाल्या. त्यांचाही आवाज माझ्यासारखाच दमलेला होता. "उद्या सगळं घेऊन या. मुलांना मी आज रात्रीच्या आत कळवते, आलेला निरोप पुढे पाठवू नका म्हणून. ऐकतील किती, ते सांगता येत नाही."

पाच वाजून सात मिनिटांनी वर्गातल्या चौघांना पहिला निरोप गेला होता, हे नंतर कळले. छत्रीने शब्द पाळला होता.

घरी पोहोचल्यावर मुंगीने कोणी न सांगता भांडी घासली. लेक सात वाजता आली. दारातच बसून तिने बूट काढले, पायांची बोटे दाबली आणि तशीच बसून राहिली. फोन तिच्या मांडीवर होता. बसमध्ये दुसरा निरोप तिला मिळाला होता, हे तिच्या चेहऱ्यावरूनच दिसत होते.

"आई, मी..."

"ऐकलं. दोनदा ऐकलं."

मुंगी ओट्याला टेकून उभी राहिली. ओल्या हातांतून पाणी फरशीवर ठिबकत होते.

"आवाज किती मोठा झालाय गं तुझा," लेक म्हणाली. "घरात एवढं बोलतच नाहीस. मला आधी वाटलं, दुसऱ्याच कोणाच्या मुलीचा आहे."

"मला तसं म्हणायचं नव्हतं."

"म्हणायचं होतं. खरंही आहे ते. मला राग आलाय, पण तो नंतर काढते. आता अंगात त्राण नाही. बाबा, हे सगळं तुम्हाला कधी कळलं?"

"साडेतीनला."

"आणि मला फोन केला नाहीत?"

"तू वॉर्डात असतेस."

"वॉर्डातही फोन असतो, बाबा," ती म्हणाली. त्या वाक्यात आरोप नव्हता, म्हणूनच ते मला अधिक लागले.

जेवणाआधी आम्ही तिघांनी पोलिसांच्या संकेतस्थळावर रीतसर तक्रार भरली. मुंगी वाचत होती, लेक सांगत होती, मी तारखा तपासत होतो. दोनदा अर्ज मध्येच अडकला आणि पुन्हा पहिल्या पानापासून भरावा लागला. तिसऱ्यांदा तो गेला आणि एक लांबलचक क्रमांक आला. मुंगीने तो तीन ठिकाणी लिहून ठेवला.

"आता संपलं का?" तिने विचारले.

"नाही," मी म्हणालो. खोटा धीर देण्याइतकी ती लहान नव्हती. "नव्या नावाने पुन्हा येईल कदाचित. काही दिवस रोज पाहावे लागेल. अनोळखी कोणी आले की आम्हाला दाखवायचे."

"आणि उद्या शाळा?"

लेकीने अर्जाची खिडकी बंद केली.

"ती माझ्या शेजारी नाही बसणार," मुंगी म्हणाली.

"बहुतेक नाही," लेक म्हणाली. "सगळे बघतीलही तुझ्याकडे. तू आपल्या जागेवर बस. मी येते सोडायला, वर्गापर्यंत. बाईंनाही भेटते."

"तुझी सकाळची ड्यूटी आहे."

"एक तास उशिरा येते म्हणून कळवते."

"ते चालतं?"

"चालत नाही," लेक म्हणाली, आणि तिने फोन उचलला.